ब्रॉडकास्ट म्हणजे नक्की काय, आणि तो आपल्याच वायफायवर बघायचा, वापरायचा, आवरायचा कसा

टीव्ही आणि मोबाईल एकाच घरात, दोघांनाही नेट चालू, तरी कास्टचं बटण दाबलं की "डिव्हाइस सापडलं नाही". प्रिंटरचंही तेच, नवा राउटर लावल्यापासून गायब. नाहीतर ऑफिसात भर दुपारी सगळ्यांचंच नेट बसतं आणि नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो आमच्याकडून लाइन ओके आहे. वरवर या तीन वेगळ्या तक्रारी आहेत पण बऱ्याचदा घोडं एकाच जागी पेंड खात असतं, ब्रॉडकास्टमध्ये. परीक्षेसाठी व्याख्या सगळ्यांनी घोकलेली असते, "एकाकडून सर्वांकडे", आणि ती बरोबरच आहे, फक्त त्यातले "सर्व" म्हणजे कुठपर्यंतचे हे कोणी सांगत नाही आणि नेमकी भानगड तिथंच होते.

एसटी स्टँडवर अनाउन्समेंट होते तसं समजा. कोल्हापूर गाडी फलाट ४ वर लागली हे स्टँडवरच्या प्रत्येकाला ऐकू येतं, उठतात फक्त कोल्हापूरवाले, आणि रस्त्यापलीकडे टपरीवर चहा पीत बसलेल्याला पत्ताच नसतो. नेटवर्कमधलं पण असंच, पाठवणारा एकदाच बोलतो, हद्दीतलं प्रत्येक मशीन ते ऐकतं, ज्याचं काम असेल ते उत्तर देतं, बाकीचे सोडून देतात. आणि हद्द संपते राउटरपाशी. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. खालचं जवळपास सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

तर आधी आपली हद्द शोधू. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारायचं. बरंच काय काय येईल, तुम्ही फक्त तीन ओळी बघा, आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे. घरी जिओफायबर असेल आणि कोणी सेटिंग बदललं नसेल तर गेटवे १९२.१६८.२९.१ दिसेल, मास्क २५५.२५५.२५५.०. आता मास्कमध्ये जिथं २५५ आहे तिथला ॲड्रेसचा आकडा तसाच ठेवायचा आणि जिथं ० आहे तिथं २५५ लिहायचं, झाला तुमचा ब्रॉडकास्ट ॲड्रेस, १९२.१६८.२९.२५५. म्हणूनच अशा नेटवर्कात मशीन्सना वाटायला १ ते २५४ एवढेच नंबर उरतात, ० खुद्द नेटवर्कचा आणि २५५ ब्रॉडकास्टचा. ऑफिसात कधी कधी मास्कचा शेवटचा आकडा १९२ वगैरे असतो तेव्हा लोक गडबडतात. २५६ मधून १९२ वजा केले की उरले ६४, म्हणजे नंबर ६४-६४ च्या गटांत वाटलेत, ० ते ६३, ६४ ते १२७ असे पुढं. तुमचा नंबर ७० असेल तर तुम्ही दुसऱ्या गटातले आणि त्या गटातला शेवटचा नंबर १२७, तोच तुमचा ब्रॉडकास्ट. लिनक्सवर हे गणित करायची गरजच नाही, आयपी ॲडर मारलं की बीआरडीच्या पुढं लिहिलेलाच असतो, मॅकवर आयएफकॉन्फिगमध्ये ब्रॉडकास्ट असं लिहून येतो.

याशिवाय २५५.२५५.२५५.२५५ असा एक सरसकट ॲड्रेस असतो, ज्याला स्वतःचं नेटवर्क कुठलं तेच अजून माहीत नाही त्याने वापरायचा. हे कोणाच्या बाबतीत होतं? आत्ताच वायफायला जोडलेला मोबाईल. त्याच्याकडे अजून आयपीच नाही, विचारायचं कोणाला तेही माहीत नाही, म्हणून तो सगळ्यांना ओरडून विचारतो की इथं नंबर वाटणारा कोणी आहे का, आणि राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो. उत्तर आलंच नाही तर विंडोज वाट बघून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक नंबर लावून घेतं. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर १६९.२५४ दिसला की समजायचं, आपण ओरडलो पण कोणी ओ दिली नाही. अशा वेळी ब्राउझर आणि डीएनएसशी खेळत बसू नका, केबल, वायफाय किंवा राउटरच बघा.

त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी, मग स्पेस, मग डॅश ए असं मारून बघा. एक यादी येते, डावीकडे आयपी आणि मधे त्या मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर. वरच्या ओळी डायनॅमिक असतात, म्हणजे आत्ता ज्यांच्याशी बोलणं झालंय ती मशीन्स. खाली उतरलात की १९२.१६८.२९.२५५ दिसेल आणि त्याच्यासमोर मॅक म्हणून सहाच्या सहा जोड्या एफएफ, एफएफ, एफएफ, शेवटी स्टॅटिक. हा नंबर कुठल्याही कंपनीच्या कार्डाचा नाही. स्विचला, म्हणजे बऱ्याच केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला, हा पत्ता दिसला की तो ती फ्रेम (डेटाचं एक पाकीट) ज्या पोर्टवरून आली ते सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर सोडून देतो. आता तुमच्या मशीनवर ब्रॉडकास्टची नोंद तुम्ही स्वतः बघितलीत, पुस्तकातली आकृती नको.

नुसती नोंद नको, चालू ब्रॉडकास्ट बघायचा असेल तर वायरशार्क टाका, नेटवर्कवरचं बोलणं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. विंडोजवर इन्स्टॉल करताना तो एनपीकॅप टाकू का विचारतो, हो म्हणा, नाहीतर काहीच पकडता येणार नाही. उघडल्यावर वायफायच्या नावावर डबल क्लिक, आणि ओळी धावायला लागतात. घाबरायचं नाही, वरच्या फिल्टरच्या पट्टीत लहान अक्षरांत एआरपी लिहून एंटर मारा, गर्दी एकदम कमी होते. आता ओळी वाचता येतात, "हू हॅज १९२.१६८.२९.१? टेल १९२.१६८.२९.४०". म्हणजे ४० नंबरचं मशीन सगळ्यांना विचारतंय की १ नंबर कोणाचा आहे, मला तुझा मॅक सांग. डेस्टिनेशनच्या रकान्यात ब्रॉडकास्ट असं लिहिलेलं असतं. उत्तर मात्र ब्रॉडकास्ट नसतं, ते विचारणाऱ्याला एकट्यालाच जातं, प्रश्न चारचौघांत आणि उत्तर कानात. हा एआरपी १९८२ पासून असाच चाललाय आणि आजही घरच्या आयपीव्ही४ नेटवर्कात त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्या ब्रॉडकास्ट शब्दावर राइट क्लिक करून अप्लाय ॲज फिल्टर, मग सिलेक्टेड केलंत तर एआरपीच नाही, घरातले सगळेच ब्रॉडकास्ट बाजूला काढून बघता येतात.

कॅप्चर चालू ठेवून एक प्रयोग करा. मोबाईलमध्ये वायफायचं नेटवर्क फरगेट करा आणि पासवर्ड टाकून परत जोडा. नुसतं बंद-चालू करू नका, कारण ओळखीच्या नेटवर्कवर मोबाईल "माझा जुना नंबरच द्या" असं थेट मागतो आणि पहिली हाक बघायला मिळत नाही. फिल्टरमध्ये डीएचसीपी लिहिलंत तर डिस्कव्हर, मग रिक्वेस्ट अशा ओळी दिसतील, मधली राउटरची उत्तरं तुमच्या लॅपटॉपला दिसतील किंवा दिसणार नाहीत, ते राउटर कसं पाठवतो त्यावर आहे. डिस्कव्हर उघडून खाली ऑप्शन्समध्ये होस्ट नेम शोधा. बऱ्याच मोबाईल-लॅपटॉपांचं नाव तिथं उघडंच असतं, मालकाच्या नावासकट. हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर तुमचा लॅपटॉप आडनावासकट हाक मारत फिरतोय हे बहुतेकांना माहीतच नसतं, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नाव साधं ठेवा. आणि हो, हे वायरशार्कचे उद्योग स्वतःच्या नेटवर्कवर किंवा विचारूनच करायचे, दुसऱ्याच्या वायफायवर नाही.

एक गोष्ट मात्र या यादीत दिसणार नाही. शेजारच्या खोलीत कोणी पिक्चर डाउनलोड करत असेल तर तो ट्रॅफिक तुमच्याकडे येत नाही कारण तो युनिकास्ट आहे, एकाचा एकाला. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये तसं नव्हतं, सगळी मशीन्स एकाच जाड केबलवर लटकलेली असायची आणि प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकाला ऐकू यायचं. त्याची मुळं तर चक्क रेडिओत आहेत. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या टीमने बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओ लहरींनी जोडले, अलोहानेट, १९७१ ची गोष्ट, आणि त्यावरूनच सुचून रॉबर्ट मेटकाफनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. आकाशवाणी आणि आपला लॅन, म्हणजे घरातलं-ऑफिसातलं नेटवर्क, हे लांबचे का होईना पण भाऊच.

आता टीव्ही न सापडण्याचं बघू कारण विचारणारे सगळ्यात जास्त याचेच असतात. क्रोमकास्ट, वायफाय प्रिंटर, स्पीकर हे एमडीएनएस नावाच्या पद्धतीने स्वतःला जाहीर करतात, ॲड्रेस २२४.०.०.२५१. कडक भाषेत हा मल्टीकास्ट झाला, म्हणजे सगळ्यांना नाही तर जे कान देऊन बसलेत त्यांनाच, पण याचीही हद्द तीच, राउटरच्या आत. म्हणून पहिलं काम, मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये त्याचा आयपी बघा आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये टीव्हीचा. मोबाईल १९२.१६८.२९.४० आणि टीव्ही १९२.१६८.०.१०५ असेल तर इथंच सापडलं. दोघांना नेट चालतं कारण नेट बाहेर आहे, पण एकमेकांची हाक ऐकू येत नाही. आपल्याकडे हे का होतं तर नेटवाल्याने एक राउटर दिलेला असतो, आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या खाचेत, खुपसतो. घरात दोन राउटर म्हणजे दोन हद्दी.

उपाय पैशाचा नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा, विषय संपला. नसेल तर हाताने, आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी त्याचा स्वतःचा आयपी पहिल्याच्या ओळीत आणा, म्हणजे १९२.१६८.२९.२ वगैरे, दुसऱ्या कोणाला दिलेला नको, मग त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि सगळ्यात शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनमध्ये लावलीत तर वेगळंच लफडं, "नंबर कोण देणार" या हाकेला दोघं उत्तर देतात, बहुतेक मशीन्स ज्याचं आधी आलं त्याचं घेतात, आणि मग घरातल्या निम्म्या लोकांना नेट चालतं, निम्म्यांना नाही, कोणाचं बंद पडेल ते रोज बदलतं. याच्यासारखी डोकेदुखी नाही.

आयपी एकाच ओळीतले असूनही टीव्ही दिसत नसेल तर गेस्ट वायफायवर तर नाही ना बघा, आणि राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचं सेटिंग ऑन असेल तर ऑफ करा, ते मुद्दाम एकमेकांची तोंडं बंद ठेवण्यासाठीच असतं. हॉटेलात रूममधल्या टीव्हीवर कास्ट होत नाही ते बऱ्याचदा यामुळेच. मोबाईलवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून बघा. आणि २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन वेगळी नावं दिसतात म्हणून लोक घाबरतात, एका राउटरची असतील तर सहसा हद्द एकच असते, तिकडे वेळ घालवू नका.

ब्रॉडकास्टचा सगळ्यात मस्त उपयोग विचाराल तर झोपलेला पीसी उठवणं, वेक ऑन लॅन. बंद पीसीला आयपी नसतो मग त्याला निरोप द्यायचा कसा, तर सगळ्यांना द्यायचा. त्या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात, आत सुरुवातीला सहा बाइट एफएफ आणि मग त्या पीसीचा मॅक ॲड्रेस ओळीने १६ वेळा, एकूण १०२ बाइट. पीसी बंद असला तरी नेटवर्क कार्डाला थोडा करंट चालू असतो आणि ते आपल्या नावाची ही जपमाळ ऐकू येतेय का एवढंच बघत बसतं. करायचं असं, बायोसमध्ये वेक ऑन लॅन चालू करा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधे जागं करायची परवानगी द्या आणि "फक्त मॅजिक पॅकेटनेच" ही टिकही मारा, नाहीतर पीसी रात्री-बेरात्री आपोआप उठून बसेल. पूर्ण शटडाउनमधून उठत नसेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. पीसी केबलनेच जोडलेला हवा, वायफायवर याचा भरवसा नाही. मोबाईलवर वेक ऑन लॅनचं कुठलंही ॲप घ्या, त्यात मॅक आणि मगाशी काढलेला ब्रॉडकास्ट ॲड्रेस टाका, पोर्टच्या रकान्यात ९, झालं.

घराबाहेरून मात्र हे जमत नाही, आणि का ते आता तुम्हीच सांगाल. एके काळी बाहेरून थेट दुसऱ्याच्या ब्रॉडकास्ट ॲड्रेसला पॅकेट पाठवता यायचं, १९९० च्या दशकात त्याचा गैरवापर करून स्मर्फ नावाचे हल्ले झाले, एक पिंग, म्हणजे आहेस का असं विचारणारं पॅकेट, पाठवायचा आणि शेकडो मशीन्सची उत्तरं तिसऱ्याच कोणाच्या अंगावर सोडायची. म्हणून १९९९ मध्ये राउटरांसाठी नियमच बदलला, असली पॅकेटं मुळात बंदच ठेवायची. बाहेरून पीसी उठवायचाच असेल तर घरात कायम चालू असणारं काहीतरी हवं, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर म्हणा किंवा वेक ऑन लॅनचं बटण असलेला राउटर म्हणा, त्याच्यापर्यंत व्हीपीएनने पोचायचं आणि हाक त्याला आतून मारायला लावायची.

आता ऑफिसचं नेट बसण्याचं. एका क्लासमधे बघितलंय, सफाई करताना कोणाला तरी जमिनीवर पडलेलं केबलचं मोकळं टोक दिसलं, सुटलंय बहुतेक म्हणून त्याने ते प्रामाणिकपणे स्विचमध्ये लावून दिलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. आता स्विच ब्रॉडकास्ट सगळ्या पोर्टांवर सोडतो, तो केबलमधून फिरून परत त्याच स्विचमध्ये येतो, स्विच तो परत सगळ्यांना सोडतो, आणि इथरनेटच्या फ्रेमला आयपी पॅकेटसारखा "इतक्या उड्या झाल्या की मर" असा आकडाच नसतो. एक एआरपीचा प्रश्न पण पुरतो, काही क्षणात सगळी लाइन त्यानेच भरून जाते. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. ओळखायचं लाइटवरून, एरवी स्विचचे लाइट आपापल्या तालात लुकलुकतात, स्टॉर्ममध्ये सगळेच्या सगळे एकदम पिसाळल्यासारखे चमकतात.

सोडवायचं तर राउटर रिस्टार्ट करत बसू नका, त्याचा दोष नाही. स्विचमधून एकेक केबल काढत जा आणि बाकीच्या लाइटकडे बघा, जी काढल्यावर सगळे शांत झाले ती चोर. दोन स्विच असतील तर त्यांच्यामधे दोन केबल लागल्यात का बघा, आणि डेस्कवरचे आयपी फोनही तपासा, त्यांना दोन पोर्ट असतात आणि कोणीतरी दोन्ही भिंतीत लावून ठेवतं. कायमचा इलाज म्हणजे स्पॅनिंग ट्रीवाला मॅनेज्ड स्विच, लूप दिसला की एक पोर्ट तो आपणहून बंद ठेवतो. ही युक्ती राडिया पर्लमन यांची, १९८५ ची. साध्या स्वस्त स्विचमध्ये ती सहसा नसते. माझं मत विचाराल तर दहा-पंधरा मशीन्सच्या वर ऑफिस गेलं की हा खर्च करायलाच हवा, एक दिवस काम बंद पडलं तर त्यातच स्विचचे पैसे निघतात. हॉस्टेल वगैरे मोठ्या ठिकाणी व्हीलॅन करून हद्दीचे तुकडेही पाडा, कारण वायफायवर ब्रॉडकास्ट सगळ्यात कमी वेगाच्या पट्टीत जातो आणि शेकडो मोबाईल हाका मारत बसले की बाकीच्यांना बोलायला वेळच उरत नाही. आयपीव्ही६ मध्ये तर ब्रॉडकास्ट ठेवलाच नाही, सगळं मल्टीकास्टवर भागवलंय.

मीडियातलं बघायचं तर प्रश्न तोच विचारायचा, एकदाच पाठवलं का आणि हद्द कुठपर्यंत. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला, तिथं ट्रान्समीटर एकदाच लहर सोडतो, ऐकणारे दहा असोत नाहीतर दहा लाख, वीजबिल तेवढंच, हद्द लहर पोचेल तिथपर्यंत. मोबाईलवरची मॅच मात्र नावाला ब्रॉडकास्ट, आत प्रत्येकाला वेगळी प्रत जाते. १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते, म्हणजे तितके वेगळे प्रवाह. वर तुकडे करून, साठवून पाठवायचं असल्यामुळे स्ट्रीम मागं पडतो, म्हणून शेजारच्या डिशवाल्याकडे आरडाओरडा आधी होतो आणि आपल्याकडे बॉलर अजून रनअपवरच.

पूर-वादळाच्या वेळी मोबाईल मोठ्याने वाजून जो इशारा येतो तो मात्र खरा ब्रॉडकास्ट, सेल ब्रॉडकास्ट. टॉवर एकदाच बोलतो, त्याच्या रेंजमधल्या मोबाईलांना पोचतं, कोणाचा नंबर लागत नाही, त्यामुळे कॉल लागत नसतील इतकी गर्दी झाली तरी हा येऊ शकतो. २०२३ मध्ये याच्या देशभर चाचण्या झाल्या तेव्हा लोकांना मोबाईल हॅक झाला असं वाटलं होतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये वरच्या सर्चमध्ये इमर्जन्सी अलर्ट शोधा आणि ते ऑन आहे का बघून ठेवा, वैताग नको म्हणून बऱ्याच जणांनी तेव्हाच बंद केलंय.

आणि व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, सोसायटीच्या आणि मंडळाच्या सेक्रेटरींची आवडती. मेनूमध्ये न्यू ब्रॉडकास्ट, जास्तीत जास्त २५६ माणसं, उत्तर फक्त तुम्हाला येतं, ग्रुपसारखं गुड मॉर्निंगचं रान माजत नाही. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही, आणि व्हॉट्सॲप तुम्हाला तसं सांगतही नाही. म्हणून वर्गणीचा किंवा मीटिंगचा मेसेज टाकायच्या आधी सगळ्यांना नंबर सेव्ह करायला लावा, आणि टाकल्यावर तासाभराने तो मेसेज दाबून धरून इन्फोमध्ये डिलिव्हर कोणाकोणाला झाला ते बघा, जे राहिलेत त्यांना सरळ फोन लावा.